उतरण आणि जुना बाजार : वापरलेल्या वस्तूंचा जातीय इतिहास

मोबाईल उघडला की आजकाल जुन्या वस्तूंच्या जाहिराती दिसतात. पितळेची घागर, तांब्याचा बंब, दगडी जाते, कंदील, वाड्याचा कोरीव दरवाजा, पत्र्याची ट्रंक. खाली लिहिलेले असते : घर सजवण्यासाठी 'व्हिंटेज' वस्तू. जात्यात पाणी भरून वर फुले तरंगत ठेवायची, दरवाजावर काच टाकून टेबल करायचे, घागरीत झाड लावायचे. भंगारवाल्याने किलोच्या भावाने उचललेली वस्तू शहरातल्या दुकानात गेली की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते.

दुसरीकडे आपली तरुण पोरे-पोरी आहेत. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगावातून पुण्याला, नाशिकला नोकरीला गेलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी. ती जुने कपाट, जुना दिवाण, जुना फ्रीज, कुणाचा तरी वापरलेला सोफा विकत घेतात. काही जण त्यातच धंदा करतात. जुने घ्यायचे, दुरुस्त करायचे, पॉलिश मारायचे, विकायचे.

वस्तीत यावर दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. जुनी पिढी म्हणते, "लोकांचे जुनेपाने वापरायचे दिवस बाबासाहेबांनी संपवले, तुम्ही पुन्हा तेच घरात आणता का?" नवी पिढी म्हणते, "आजोबा, आता सगळेच सेकंड हँड घेतात, यात जात कुठून आली?"

माझे म्हणणे असे की दोघांचेही अर्धे बरोबर आहे. या देशात वापरलेल्या वस्तूला जात होती, हे आजोबांना माहीत आहे. वस्तू जुनी असणे म्हणजे अपमान नव्हे, हे नातवाला माहीत आहे. अपमान होता तो वस्तू ज्या नात्यातून हाती येत होती त्या नात्यात. ज्या वस्तूला आपण नाही म्हणू शकत नाही, जिची किंमत ठरवू शकत नाही आणि जी घेतल्यावर मान खाली घालावी लागते, ती उतरण. जी आपण निवडून, घासाघीस करून, पैसे मोजून घेतो, ती खरेदी. उतरण आणि खरेदी यांच्यामध्ये आपल्या चळवळीचा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. तो इतिहास माहीत नसेल तर आजोबांचा राग कळणार नाही आणि नातवाचे स्वातंत्र्य कुठून आले तेही कळणार नाही.

मनूने ठरवलेले घरसामान

सुरुवात मनुस्मृतीपासून करावी लागते. दहाव्या अध्यायातला १२५ वा श्लोक सेवक शूद्राला काय द्यावे ते सांगतो. उष्टे अन्न द्यावे, जीर्ण वस्त्रे द्यावीत, धान्याचा टाकाऊ भाग द्यावा आणि जुने झालेले घरसामान द्यावे. श्लोकात त्यासाठी शब्द आहे 'परिच्छद', म्हणजे घरातले सामानसुमान. आज ज्याला आपण सेकंड हँड फर्निचर म्हणतो त्याचा उल्लेख धर्मशास्त्रात असा आला आहे, मजुरीच्या जागी द्यायची वस्तू म्हणून.

त्याच अध्यायातला ५२ वा श्लोक आणखी खाली उतरतो. चांडाळांनी मेलेल्यांच्या अंगावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, अशी आज्ञा त्यात आहे. नीट पाहा. कपडा, भांडे, दागिना, घरसामान, अन्न. माणसाच्या संसारातली एकही वस्तू सोडलेली नाही. वरच्याने वापरून टाकलेले ते खालच्याचे, आणि खालच्याकडे नवे काहीच पोचता कामा नये. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला त्यात हे लिहिलेले होते. मनुस्मृती दहन ही केवळ भावनेची गोष्ट होती असे म्हणणाऱ्यांनी हे दोन श्लोक वाचावेत. हा आपल्या स्वयंपाकघराचा आणि अंथरूण-पांघरुणाचा प्रश्न होता.

ग्रंथातली आज्ञा गावात कशी चालली? गावगाड्याने तिला 'हक्क' असे गोंडस नाव दिले. महारांच्या बावन्न हक्कांची परंपरा आपण ऐकत आलो. मेलेले जनावर, प्रेतावरचे कापड, खळ्यावरचे सांडलेले धान्य, दारोदार मागितलेली भाकर. याच्या बदल्यात वेसकरकी, सांगावे पोचवणे, सरकारी सामान वाहणे, मढ्याची खबर नेणे, असे दिवसरात्र काम. हक्क म्हणायचे, पण त्याचे माप ठरवणार पाटील आणि वेळ ठरवणार मालक. ज्या हक्कात नाही म्हणण्याची सोय नसते तो हक्क कसला? ती बेडी होती.

म्हणून मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेले मांस आणि उष्टे तुकडे सोडून द्यायला सांगितले. म्हणून १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. या लढ्याचा शेवट पाहायला ते राहिले नाहीत. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या आपल्या आजी-आजोबांचे बालपण त्या कायद्याच्या आधीचे आहे. जुन्या सोफ्याकडे पाहून त्यांच्या कपाळावर आठी का पडते, हे यावरून समजून घ्या.

नवे घेण्यालाही बंदी

उतरण घ्यायला लावणे ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की पैसा असला तरी नवे आणि चांगले घेऊ द्यायचे नाही. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी याची उदाहरणे दिली आहेत.

आपल्या खान्देशातून सातपुडा ओलांडला की पुढे इंदूर लागते. तिथल्या गावांतल्या बलाई समाजावर सवर्णांनी घातलेल्या अटींची बातमी जानेवारी १९२८ मध्ये छापून आली होती. बलाई पुरुषांनी जरीच्या काठाचे फेटे बांधायचे नाहीत, रंगीत किंवा नक्षीच्या काठाची धोतरे नेसायची नाहीत. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. अटी मान्य नसतील तर गाव सोडा. दुसरे उदाहरण गुजरातमधले, अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावचे, नोव्हेंबर १९३५ चे. बऱ्या परिस्थितीतल्या काही अस्पृश्य कुटुंबांतल्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. त्यांनी धातूचे भांडे वापरणे हा सवर्णांना आपला अपमान वाटला आणि त्या बायकांवर हल्ला झाला.

ज्या घागरीसाठी ९० वर्षांपूर्वी बायकांनी मार खाल्ला, ती घागर आज दिवाणखान्यात झाड लावायला विकत मिळते. मी कुणाच्या सजावटीला नावे ठेवत नाही. पण आपल्या घरात पितळेची घागर आणून ठेवणाऱ्या पोरीला तिचा हा इतिहास माहीत असला पाहिजे. दुसऱ्यांसाठी ती जुन्या काळाची आठवण असेल. आपल्यासाठी ती जिंकून घेतलेली वस्तू आहे.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या महिलांशी बोलताना बाबासाहेबांनी पेहरावावर भर दिला. जात ओळखू येईल असे नेसणे सोडा, असे त्यांचे सांगणे होते. त्याच भाषणातली आणखी एक गोष्ट आपण विसरतो. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, कपडा स्वच्छ असला पाहिजे, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे जुन्या कपड्याची लाज बाळगा असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नाही. ठिगळ गरिबीचे असते, आणि गरिबी कष्टाने हटवता येते. जातीची खूण मात्र दुसऱ्याने लादलेली असते, ती फेकूनच द्यावी लागते.

चाळीसगावचा टांगा

आता कुणी म्हणेल, मग बाजारात जा, पैसे मोजा, बाजाराला जात नसते. बाजाराला जात नसते का, हे पाहायला आपल्याच जिल्ह्यात जाऊ.

१९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. खान्देशचा दौरा संपवून परतताना एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले आणि धुळ्याच्या रेल्वे फाट्यावरच्या त्या गावी जाऊन आले. चाळीसगावच्या महार मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. पाहुण्याला वस्तीपर्यंत चालत कसे न्यायचे म्हणून त्यांनी टांगा ठरवायला घेतला. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. वाटेत पुलाजवळ टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पैसे तयार होते, वस्तूही भाड्याने मिळत होती, पण वस्तूबरोबर येणारी माणसाची सेवा जातीने अडवून धरली. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षा टांगेवाल्याची प्रतिष्ठा मोठी ठरली. बाजार आपोआप जात मोडत नाही, हे चाळीसगावचा टांगा सांगतो. पण त्याच वेळी हेही खरे की बाजारात निदान भांडायला जागा असते. बलुत्यात ती नव्हती.

हे फक्त आपल्याच देशात घडले असेही नाही. युरोपात ज्यूंच्या वाट्याला हेच आले. व्हेनिस शहरात १५१६ साली ज्यूंना घेट्टो या वेगळ्या वस्तीत कोंडले गेले. त्यांना करू दिलेल्या मोजक्या धंद्यांत जुने कपडे आणि वापरलेल्या वस्तूंचा व्यापार होता. १५५५ साली पोप चौथा पॉल याने फर्मान काढून आपल्या राज्यातल्या ज्यूंच्या व्यापारालाही जुन्यापुराण्या कपड्यांची मर्यादा घातली. व्हेनिसमध्ये परदेशी राजदूत आला की त्याचे निवासस्थान सजवायला सामान मात्र घेट्टोतल्याच व्यापाऱ्यांकडून येत असे. वस्ती अस्पृश्य, पण तिथली खुर्ची आणि पडदे चालतात. बाबासाहेबांनी आपल्या एका हस्तलिखिताच्या नावात अस्पृश्यांना भारतीय घेट्टोची लेकरे म्हटले, ते उगाच नव्हे.

बुद्धाचे चीवर

इथपर्यंतचा इतिहास वाचून असे वाटेल की मग जुने ते सगळे नाकारावे. पण आपण बौद्ध आहोत, आणि आपल्या परंपरेत जुन्या वस्तूची एक अगदी वेगळी गोष्ट आहे.

विनयपिटकात भिक्खूंच्या पांसुकूल चीवराचे वर्णन आहे. पांसुकूल म्हणजे धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात पडलेली चिंधी. भिक्खू ती उचलत, धूत, शिवत, रंगवत आणि नेसत. म्हणजे मनूने चांडाळावर लादलेले मढ्यावरचे कापड बुद्धाच्या संघातल्या राजपुत्रांनीही स्वेच्छेने पांघरले. कापड तेच, अर्थ उलटा. पुढे वैद्य जीवकाने विनंती केल्यावर भगवान बुद्धांनी गृहस्थांनी दिलेले नवे वस्त्र घ्यायलाही परवानगी दिली. ज्याला चिंध्या हव्यात त्याने चिंध्या घ्याव्यात, ज्याला नवे हवे त्याने नवे घ्यावे. इथे निवड आहे, आणि निवड आली की वस्तूतला अपमान संपतो.

कोसंबीचा राजा उदेन याची गोष्ट पाहा. त्याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाने विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू. ती अंथरणे जुनी झाली की पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी फाटली की चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आज ज्याला पुनर्वापर म्हणून परिसंवाद भरवले जातात तो आनंदाने दोन-चार वाक्यांत सांगितला होता. आपल्या आज्यांनी जुनेराची गोधडी शिवली, गोधडीचे पोतेरे केले, तीही हीच रीत होती.

महाकस्सपांची गोष्ट याहून मोठी आहे. त्यांनी आपले मऊ चीवर घडी करून भगवंतांना बसायला अंथरले आणि नंतर ते त्यांना अर्पण केले. बदल्यात भगवंतांनी स्वतःचे झिजलेले पांसुकूल चीवर त्यांना दिले. महाकस्सप आयुष्यभर ते अभिमानाने सांगत राहिले. दुसऱ्याच्या अंगावरचे जुने वस्त्र मिळणे हा बौद्ध परंपरेत सर्वोच्च सन्मान ठरला, कारण देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये वरचा-खालचा असा भेद नव्हता.

आणि उपाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी या न्हाव्याच्या धम्मदीक्षेची कथा आवर्जून घेतली. संघात जायला निघालेल्या शाक्य राजपुत्रांनी अंगावरचे दागिने उतरवले आणि उपालीला दिले : घे, तुझी आयुष्याची सोय झाली. उपालीने ते गाठोडे झाडाला टांगले, ज्याला हवे त्याने न्यावे म्हणाला, आणि तोही संघाकडे निघाला. राजपुत्रांनी विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्य असल्याचा गर्व मोडेल. मित्रांनो, झाडाला टांगलेले ते गाठोडे विसरू नका. सोन्याची उतरणही उतरणच असते, आणि ती नाकारणारा माणूस पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला.

न्यूयॉर्कची जुनी पुस्तके

आता बाबासाहेबांकडे या. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, स्वतःचे पोट मारायचे आणि उरलेल्या वेळात जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळायची, असा त्यांचा क्रम होता. तिथे त्यांनी सुमारे २,००० जुनी पुस्तके जमवल्याचे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. ती सगळी भारतात पोचली नाहीत. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते जहाजही युद्धात बुडवले गेले. तरी त्यांनी संग्रह पुन्हा उभा केला, आणि मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले ते पुस्तकांसाठी जागा काढूनच.

विचार करा. ज्या समाजाला शब्द ऐकण्याचीही बंदी होती, त्यातला एक तरुण परक्या देशातल्या जुन्या बाजारात उभा आहे. पुस्तक हातात घेतो, चाळतो, किंमत विचारतो, घेतो किंवा ठेवून देतो. त्याला कुणी जात विचारत नाही. आपल्या घराची सर्वांत मोठी सजावट, म्हणजे राजगृहातली पुस्तकांची कपाटे, जुन्या बाजाराच्या सवयीतून उभी राहिली. मग सेकंड हँडची लाज कशाला?

याचा अर्थ बाबासाहेब गरिबीचे गोडवे गात होते असा मुळीच नाही. त्यांना चांगला सूट, चांगले पेन, चांगले घर आवडत असे. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, हे त्यांनी ठासून सांगितले आहे. जे लोक स्वतः बंगल्यात राहून आपल्याला साधेपणाचे धडे देतात त्यांना हे ऐकवा. आपण जुने घेऊ ते पैसे वाचवून पुस्तक, शिक्षण, धंदा यांत घालण्यासाठी.

वस्तीत काम करताना याची गरज रोज दिसते. मुलीच्या लग्नात नवे कपाट, नवा सोफा, नवा दिवाण द्यायचा म्हणून फायनान्सचे कर्ज काढले जाते. भुशाच्या पाट्यांचे ते फर्निचर दोन पावसाळ्यांत फुगते, हप्ता मात्र चालूच राहतो. त्याच पैशात जुने सागवानी किंवा जाड पत्र्याचे कपाट मिळाले असते आणि नातवापर्यंत टिकले असते. पण लोक काय म्हणतील या भीतीने आपण कर्ज घरात आणतो.

कचरा कोण वेचतो, नफा कोण घेतो

आजच्या जुन्या बाजाराची उतरंडही पाहू. सर्वांत खाली आहेत पहाटे पोते घेऊन निघणाऱ्या बायका, हातगाडीवाले, भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण. मुंबईत बोहारणीचा हा व्यवसाय मुख्यतः देवीपूजक समाजातल्या बायकांनी उभा केला. त्यांच्या वर भंगारचे दुकान, आपल्याकडे जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळचा भंगार बाजार पाहा. त्याच्या वर ठोक व्यापारी. आणि सर्वांत वर काचेच्या दुकानात 'व्हिंटेज' विकणारा. वस्तू वर जाताना तिची किंमत वाढते आणि हात लावणाऱ्याची जातही बहुधा बदलते. खाली जी वस्तू 'घाण' असते ती वर 'वारसा' होते.

हे बदलता येते, याचा पुरावा पुण्यात आहे. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कचरावेचक संघटित झाले. त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया, कित्येक १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडलेल्या. त्यांनी ओळखपत्र मिळवले, आपले काम हे श्रम आहे हे मान्य करून घेतले, आणि २००८ साली महापालिकेशी करार करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी केली. तेच काम, तेच हात. फरक इतकाच की आता दर आणि अटी त्या बसून ठरवतात. उतरण आणि व्यवहार यांतला फरक याहून सोपा करून सांगता येणार नाही.

आपल्या ज्या तरुणांना जुन्या वस्तूंच्या धंद्यात उतरायचे आहे त्यांनी जरूर उतरावे. दुरुस्ती, सुतारकाम, पॉलिश, वेल्डिंग शिकावे आणि साखळीच्या वरच्या टोकाला जावे. पण खालच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईला काटा मारून नव्हे.

धुळ्याचा धडा

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुनी वस्तू कुणाच्या हातात पडते यावर इतिहास कुणाचा लिहिला जातो हे ठरते.

धुळ्यातच पाहा. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यावरची जुनी दप्तरे, सडत पडलेले कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे २२ खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखिते जपलेली आहेत. राजवाड्यांची जातिविषयक मते आपल्याला मान्य होण्यासारखी नाहीत. पण रद्दीत जाणारा कागद वाचवला की इतिहास आपल्या बाजूने बोलतो, ही अक्कल त्यांच्याकडे होती. ती आपण घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांची कागदपत्रे, पत्रे, आठवणी जमवून बारा खंडांचे चरित्र सिद्ध केले. पेट्यांत बंद पडलेल्या बाबासाहेबांच्या हस्तलिखितांना वसंत मून यांनी १९७९ पासून सरकारी खंडांतून उजेडात आणले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर गेल्या, चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कोट, टाइपरायटर आणि नित्य वापरातल्या वस्तू जपल्या. कुणाच्या दृष्टीने तो वापरलेला कोट असेल. आपल्या दृष्टीने ते महाकस्सपांना मिळालेले चीवर आहे.

पण खान्देशचे काय? धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब १९३७ साली मुक्कामाला होते, म्हणून दर वर्षी ३१ जुलैला तिथे आपले लोक लोटतात. ती एक जुनी इमारत आपण आठवणीत जपली. मात्र घरातल्या ट्रंका रिकाम्या होत आहेत. आजोबा वारले की घर रंगवायला काढतात, आणि 'जनता'चा पिवळा पडलेला अंक, 'प्रबुद्ध भारत'ची कात्रणे, समता सैनिक दलाची टोपी, जलशातली पेटी, १९५६ च्या दीक्षेनंतर भिंतीवर लागलेली बुद्धाची पहिली तसबीर, सगळे भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. रद्दीचा भाव हातात येतो आणि एका घराचा इतिहास संपतो. त्यातली एखादी तसबीर उद्या शहरातल्या दुकानात सजावट म्हणून लटकलेली दिसेल. आपली उतरण दुसऱ्याचा वारसा होईल.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, तीन गोष्टी करा.

पहिली, जुने घेताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी नाही म्हणू शकतो का? किंमत बोलू शकतो का? घेतल्यावर देणाऱ्यासमोर ताठ उभा राहू शकतो का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त घ्या, घर सजवा, विका, कमवा. एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर ती वस्तू सोन्याची असली तरी उपालीसारखी झाडाला टांगा. आणि कुणाला जुने देताना हेच प्रश्न उलट्या बाजूने विचारा. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना पगाराच्या बदल्यात जुनी साडी देणारा माणूस बौद्ध असला तरी मनूचा १२५ वा श्लोकच पाळत असतो.

दुसरी, नव्या वस्तूच्या हौसेपायी कर्ज काढू नका. वाचलेल्या पैशातून घरात एक कपाट पुस्तकांचे ठेवा, पुस्तके जुनी असली तरी चालतील.

तिसरी, येत्या रविवारी घरातली ट्रंक उघडा. रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही बघा. कागद असेल तर मोबाईलवर फोटो काढा, तो कुणाचा, कधीचा, कुठला हे आजीला विचारून मागे लिहून ठेवा. प्रत्येक बुद्ध विहारात एक कपाट यासाठी राखून ठेवा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या विहारांत अशी कपाटे उभी राहिली तर उद्याच्या संशोधकाला खान्देशातल्या आंबेडकरी चळवळीचा इतिहास आपल्याच दारात येऊन वाचावा लागेल.

मनूने आपल्याला जुने सामान दिले ते आपल्याला इतिहास नसावा म्हणून. आपण आपले जुने सामान जपू या.

जय भीम! नमो बुद्धाय!